तीन नोडचा डेटाबेस क्लस्टर साध्या इथरनेटवर चालवावा का?

शोधयात्री

नमस्कार. आमचा डेटाबेस सध्या एकाच सर्व्हरवर चालतो आणि तो सर्व्हर बसला की सगळ्यांचेच काम ठप्प होते, म्हणून तीन नोडच्या गॅलेरा क्लस्टरवर (प्रत्येक नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, डेटाची पूर्ण प्रत ठेवणाऱ्या रचनेवर) जायचे आम्ही ठरवले आहे. सर्व्हर ठरले, डिस्क ठरल्या; घोडे अडले आहे ते नोडना एकमेकांशी जोडणाऱ्या नेटवर्कपाशी. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की इन्फिनिबँडसारखे खास नेटवर्क नसेल तर क्लस्टरच्या वाटेला जाऊच नये. दुसऱ्याच्या मते आहे त्याच १ गिगाबिटच्या स्विचमध्ये आणखी तीन केबल खोचल्या की काम भागेल. मला दोन्ही टोके पटत नाहीत, पण का पटत नाहीत हे नेमके सांगता येत नाही.

डेटा सुमारे ५०० जीबी आहे. ट्रान्झॅक्शन लहान आहेत आणि ऐन गर्दीच्या वेळी सेकंदाला काही शे कमिट होतात. नेटवर्कचा आलेख पाहिला तर सध्याची रहदारी १ गिगाबिटच्या दहाव्या हिश्श्यालाही पोहोचत नाही. अशा वेळी साधे इथरनेट पुरेल का, आणि पुरणार नसेल तर ते नेमके कुठे तोकडे पडेल? ज्यांनी असे क्लस्टर प्रत्यक्ष सांभाळले आहेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

विदागार

पुरेल. मात्र तुम्ही जो आलेख पाहिलात, त्यावरून हे ठरवता येणार नाही. तो आलेख किती डेटा गेला एवढेच सांगतो, आणि क्लस्टरला रोजच्या कामात त्याची फारशी फिकीर नसते. क्लस्टरच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते एका पॅकेटला जाऊन उत्तर घेऊन परत यायला किती वेळ लागतो, आणि तो वेळ दर खेपेला तेवढाच असतो की मध्येच हिसका बसल्यासारखा वाढतो.

गॅलेरामध्ये ट्रान्झॅक्शन चालू असताना सगळे काम त्याच नोडवर होते. कमिटच्या क्षणी त्यातले बदल एका गठ्ठ्यात बांधून सर्व नोडकडे धाडले जातात, त्या गठ्ठ्याला सगळ्यांनी मान्य केलेला एक अनुक्रमांक मिळतो आणि मग प्रत्येक नोड आपापल्या जागी तपासणी करतो. म्हणजे दर कमिटमागे सर्वांत दूरच्या नोडपर्यंतची निदान एक फेरी आलीच. बऱ्या स्विचवर ही फेरी ०.२ मिलिसेकंदांत होते असे धरले, तर एका जोडणीवरून ओळीने होणाऱ्या कमिटची नेटवर्कपुरती कमाल मर्यादा सेकंदाला ५,००० येते. तुमची गरज काही शेंची आहे, तीही अनेक जोडण्यांत वाटलेली. पण हीच फेरी २ मिलिसेकंदांवर गेली तर मर्यादा ५०० वर घसरते, आणि आलेखावर त्याची रेषभरही खूण उमटत नाही.

एक सूक्ष्म गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. एकाच ओळीत सगळे जण सतत बदल करत असतील, उदाहरणार्थ पुढचा पावती क्रमांक ठेवणारी ओळ, तर त्या ओळीत एका फेरीच्या अवधीत एकच बदल टिकतो. उरलेल्यांना संघर्षाची त्रुटी मिळते आणि ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावे लागते. असे तक्ते कोणते, हे आत्ताच हुडकून ठेवा. त्यावर कोणतेही नेटवर्क हा पुरता उपाय नाही.

लोहबंध

विदागार यांचे गणित गॅलेरापुरते बरोबर आहे, पण त्यावरून "साधे इथरनेट पुरेल" असा सरसकट निष्कर्ष काढू नये. मी बरीच वर्षे ओरॅकल रॅक (आरएसी, म्हणजे अनेक सर्व्हरनी मिळून एकच सामाईक डेटाबेस चालवण्याची ओरॅकलची रचना) सांभाळले आहे. तिथे कमिटचे गठ्ठे प्रवास करत नाहीत. एका नोडच्या मेमरीतला डेटाचा ब्लॉक दुसऱ्या नोडला हवा असेल तर तो अख्खा ब्लॉक नेटवर्कवरून जातो. २००१ मध्ये ९आय आवृत्तीबरोबर आलेल्या कॅश फ्यूजनचे तत्त्वच ते आहे.

या ब्लॉकचा सर्वसाधारण आकार ८,१९२ बाइट असतो आणि इथरनेटच्या साध्या फ्रेममध्ये १,५०० बाइट मावतात. म्हणजे एका ब्लॉकचे सहा तुकडे झाले. लिनक्सवर हा व्यवहार यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेणाऱ्या पद्धतीने होतो, आणि तुकडा हरवला तर तेवढाच पुन्हा मागण्याची सोय आयपीमध्ये नाही. सहापैकी एक गळाला की उरलेले पाच वाया जातात आणि ब्लॉक मुळापासून मागवावा लागतो. अहवालात हरवलेल्या ब्लॉकची प्रतीक्षा दिसू लागली की मी सर्वांत आधी कर्नलचे आकडे उघडतो आणि तुकडे जोडता न आल्याची संख्या वाढते आहे का ते पाहतो. एका ठिकाणी ती संख्या मिनिटामिनिटाला वाढत होती आणि डेटाबेस सांभाळणारी मंडळी मात्र आठवडाभर क्वेरींचे आराखडे बदलत बसली होती.

इन्फिनिबँडचा आग्रह अशा अनुभवांतून आला आहे. तो निराधार नाही.

पडघम

लोहबंध, त्या दुखण्यावर जम्बो फ्रेम हा उतारा आहेच की. एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या बाइटची मर्यादा) ९,००० केला की अख्खा ब्लॉक एकाच फ्रेममध्ये मावतो.

लोहबंध

मावतो, आणि रॅकसाठी मी तो नेहमीच ठेवतो. पण जम्बो फ्रेम आयईईईच्या मानकात बसत नाहीत. प्रत्येक उत्पादकाने कमाल मर्यादा आपापली ठरवली आहे. दोन्ही कार्डे आणि मधला प्रत्येक स्विच पोर्ट यांचे मूल्य जुळायला हवे. एक पोर्ट १,५०० वर राहिला तर घात असा होतो, की लहान संदेश बिनबोभाट जातात, हार्टबीट (नोड जिवंत असल्याचे कळवणारे नियमित संदेश) चालू राहतात, क्लस्टर निरोगी दिसतो आणि मोठे ब्लॉक तेवढे मुकाट गळतात.

म्हणून नुसत्या पिंगवर विसंबू नये. तुकडे करण्यास मनाई करून ८,९७२ बाइटचा पिंग पाठवावा; त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की बरोबर ९,००० होतात. तोही प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडकडे आणि दोन्ही दिशांनी. तीन नोड म्हणजे सहा पिंग. पाच मिनिटांचे काम आहे.

कळफलक

शोधयात्री, गॅलेरा टीसीपीवर, म्हणजे हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीवर चालत असल्यामुळे तुम्हाला जम्बो फ्रेमची निकड नाही. वेगळा स्विच घेणेही मला अनाठायी वाटते. आहे त्याच स्विचवर क्लस्टरसाठी वेगळा व्हीलॅन (आभासी स्वतंत्र नेटवर्क) काढा. रहदारी वेगळी झाली, खर्च वाचला.

अनाहत

कळफलक, या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही, आणि हे मी हात पोळल्यावर शिकले असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

व्हीलॅनने वेगळे होतात ते पत्ते आणि प्रक्षेपण. केबल, पोर्ट आणि स्विचच्या आतला बफर हे सगळे सामाईकच राहते. आमच्याकडे नेमकी तुम्ही सुचवता तशी रचना होती. आठवड्यातून एकदोन वेळा रात्री एखादा नोड क्लस्टरमधून बाहेर फेकला जाई आणि मिनिटभराने आपणहून परत येई. सकाळी पाहावे तर सगळे सुरळीत. नोडच्या लॉगमध्ये एवढेच असे, की अमुक नोड पाच सेकंदांहून अधिक काळ गप्प असल्याने संशयित ठरला.

कारण हाती लागायला तीन आठवडे गेले. रात्री बॅकअपच्या वेळी दोन सर्व्हर एकाच वेळी तिसऱ्याकडे डेटा ओतत असत. दोन पोर्टांतून येणारा पूर एका पोर्टातून बाहेर पडायचा, म्हणजे बफर भरणार आणि पॅकेट गळणार हे ठरलेलेच होते. मिनिटाच्या सरासरीवर काढलेल्या आलेखात हा पूर दिसतच नव्हता, कारण तो मिलिसेकंदांपुरता येऊन ओसरत असे. स्विचच्या पोर्टवरचा गळलेल्या फ्रेमचा आकडा दर दहा सेकंदांनी टिपायला लागलो तेव्हा तो दिसला.

आता, मिलिसेकंदांच्या पुरातून पाच सेकंदांचे मौन कसे उपजते? मोठा प्रवाह चालू असताना एक पॅकेट गळले, तर मागून येणाऱ्या पॅकेटांमुळे टीसीपीला ते चटकन कळते. हार्टबीट हा मात्र तुरळक, लहानसा संदेश असतो. त्याच्या मागे दुसरे पॅकेटच नसते, म्हणून टीसीपी घड्याळावर विसंबते. लिनक्समध्ये हे घड्याळ २०० मिलिसेकंदांहून खाली जात नाही, आणि पुन्हा पाठवलेले पॅकेटही गळले की प्रतीक्षा दुप्पट होते: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२. एकच तुकडा लागोपाठ पाच वेळा गळला तर ६.२ सेकंद निघून जातात, आणि त्याच्या मागे आलेला प्रत्येक संदेश तोवर रांगेत तिष्ठत राहतो. पाच वेळा गळणे दुर्मीळ खरे, पण तासभर चालणाऱ्या बॅकअपमध्ये दुर्मीळ गोष्टींनाही भरपूर संधी मिळते.

बॅकअपची वाट दुसऱ्या कार्डावरून नेली. त्या दिवसापासून एकही नोड बाहेर पडला नाही. टाइमआउटच्या आकड्याला आम्ही हातही लावला नाही.

कळफलक

अनाहत, हे मी ध्यानात घेतले नव्हते. मग स्विचवर हार्टबीटला प्राधान्य देणारी रांग ठेवली तर?

अनाहत

उपयोग होतो, पण गॅलेराचे हार्टबीट आणि कमिटचे गठ्ठे एकाच जोडणीवरून, ४५६७ या पोर्टवरून जातात. म्हणजे प्राधान्य द्यायचे तर सगळ्याच गटव्यवहाराला द्यावे लागते, आणि ते प्रत्येक स्विचवर व सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या रांगेतही. कुणीतरी सहा महिन्यांनी स्विच बदलतो आणि ते नियम नव्या स्विचवर जात नाहीत. वेगळे कार्ड आणि वेगळी केबल कुणाच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

सेतुबंध

मूळ प्रश्न एका केबलपुरता आला आहे, पण क्लस्टर उभारायचा आणि त्याची भिस्त एकाच स्विचवर ठेवायची हे विसंगत आहे. स्विच गेला तर तिन्ही नोड एकमेकांना मुकतात, कुणाकडेच बहुमत उरत नाही आणि तिन्ही सर्व्हर ठणठणीत असूनही डेटाबेस बंद राहतो. म्हणून प्रत्येक नोडला दोन कार्डे, दोन वेगळे स्विच, आणि लिनक्समध्ये दोन्ही कार्डांची जोडी बांधणे, हे मी किमान मानतो.

जोडी बांधताना मी एक चालू, एक राखीव अशी पद्धत वापरतो. एलएसीपीने, म्हणजे दोन्ही केबल एकाच वेळी वापरण्याच्या पद्धतीने, वेग दुप्पट होतो असा समज असतो, पण तिथे एका जोडणीची पॅकेट एकाच केबलवरून जातात. दोन नोडमधली गटव्यवहाराची जोडणी एकच असल्यामुळे वेगाचा लाभ शून्य, आणि दोन स्विचवर एलएसीपी करायचे तर ते स्विच एकमेकांत खास बांधलेले लागतात.

या पद्धतीतला एक खाचखळगा मात्र सांगायलाच हवा. एकदा देखभालीसाठी आम्ही पहिला स्विच बंद केला. जोडी ठरल्याप्रमाणे दुसऱ्यावर गेली, कुणाला कळलेही नाही. अर्ध्या तासाने स्विच परत चालू केला आणि सगळे आटोपले असे वाटत असतानाच नोड धडाधड बाहेर पडले. झाले असे होते: स्विच चालू होताच पोर्टचा दिवा लागला, लिनक्सने तो पाहिला आणि पहिले कार्ड मुख्य असे लिहून ठेवलेले असल्यामुळे लगोलग रहदारी तिकडे वळवली. पण त्या पोर्टवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी स्विचची पद्धत) चालू होता. तो पोर्ट आधी १५ सेकंद नुसता ऐकतो, पुढे १५ सेकंद पत्ते शिकतो आणि मगच एखादी फ्रेम पुढे सोडतो. दिवा हिरवा, केबल जिवंत, आणि तीस सेकंद सगळे पॅकेट गडप.

आता सर्व्हरकडे जाणारे सगळे पोर्ट कडेचे पोर्ट म्हणून नोंदवतो, म्हणजे ते लगेच खुले होतात. शिवाय जोडीच्या मांडणीत परत वळण्यापूर्वी मिनिटभर थांबायला सांगतो, किंवा चालू कार्ड खरोखर निकामी झाल्याशिवाय वळूच नये असे लिहितो.

लोहबंध

सेतुबंध यांनी सांगितलेला तीस सेकंदांचा आकडा फार महत्त्वाचा आहे. रॅकमध्ये नेटवर्कवरचे हार्टबीट थांबल्यावर नोडला बाहेर काढण्याची मूळ मर्यादाही बरोबर ३० सेकंदच आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी वाजवी, आणि एकत्र आले की गोत्यात आणणारे.

आणखी एक भर घालतो. नुसता दिवा पाहून निर्णय घेतला तर आपली केबल शाबूत पण दोन स्विचमधला दुवा तुटलेला, अशी अवस्था पकडता येत नाही. एका नोडचे कार्ड पहिल्या स्विचवर आणि दुसऱ्या नोडचे दुसऱ्या स्विचवर चालू असेल, तर दोघांचेही दिवे हिरवे राहतात आणि संवाद मात्र तुटतो. त्यासाठी जोडीला दिव्याऐवजी दुसऱ्या नोडच्या पत्त्यावर एआरपी चौकशी करून खात्री करायला सांगता येते.

नभांगण

आमचे काम लहान आहे आणि दोनच नोड परवडतात. दोन नोड थेट एका केबलने जोडले तर स्विचचा प्रश्नच मिटतो. यात काही अडचण आहे का?

विदागार

आहे, आणि ती मोठी आहे. थेट केबलने जोडलेल्या दोन सर्व्हरपैकी एकाची वीज गेली, की दुसऱ्याचाही दिवा विझतो. उरलेल्या नोडला आपले कार्ड मेले, केबल तुटली की समोरचा नोड गेला, हे ओळखता येत नाही. मध्ये स्विच असेल तर निदान आपला दिवा लागलेला राहतो आणि दोष आपल्याकडे नाही एवढे तरी समजते. ओरॅकल तर रॅकच्या खासगी नेटवर्कसाठी थेट केबलला मान्यताच देत नाही.

त्याहून मूळची अडचण बहुमताची आहे. दोनपैकी एक म्हणजे अर्धे, आणि अर्धे म्हणजे बहुमत नव्हे. दुवा तुटल्यावर दोघांनीही काम चालू ठेवले तर दोन वेगळे डेटाबेस तयार होतात, जे नंतर माणसाला बसून ओळीओळीने जुळवावे लागतात. दोघे थांबले तर क्लस्टरचा हेतूच बुडाला. म्हणून तिसरे मत हवेच. ते पूर्ण नोडचे असण्याची गरज नाही. गॅलेरात त्यासाठी गार्बडी नावाचा हलका मध्यस्थ आहे, एनडीबी या मायएसक्यूएलच्या दुसऱ्या क्लस्टरमध्ये आर्बिट्रेटर आहे, रॅकमध्ये सामाईक डिस्कवर मतपेटी असते. फक्त हा मध्यस्थ त्या दोनपैकी कोणत्याही सर्व्हरवर बसवू नका.

नभांगण

समजले. एक लहान सर्व्हर पडून आहे, त्यावर मध्यस्थ चालवू. धन्यवाद.

पडघम

टाइमआउटविषयी माझे मत थोडे निराळे आहे. पाच सेकंद हा काळ फार मोठा आहे. नोड मेल्यावर पाच सेकंद सगळ्यांचे कमिट खोळंबतात. स्थानिक इथरनेटवर फेरी ०.२ मिलिसेकंदांची असेल तर एका सेकंदात निर्णय का घेऊ नये? ईटीसीडी ही क्लस्टरची मांडणी साठवणारी प्रणाली बघा: हार्टबीट १०० मिलिसेकंदांना आणि नेत्याची निवड १,००० मिलिसेकंदांत, हीच त्याची मूळ मूल्ये आहेत.

अनाहत

पडघम, नोड मेला असे समजून ईटीसीडी जो निर्णय घेतो आणि गॅलेरा जो घेतो, त्यांची किंमत वेगळी आहे. ईटीसीडीत चुकून नेता बदलला तर क्षणभर लेखन थांबते आणि काम पुढे चालू होते. गॅलेरातून बाहेर पडलेला नोड परत येताना मधले बदल मागतो. ते शेजाऱ्याच्या गॅलेरा कॅशमध्ये असतील तर तेवढेच मिळतात; नसतील तर अख्खा डेटाबेस पुन्हा उतरवावा लागतो. ही कॅश मुळात १२८ मेगाबाइटची असते, आणि लेखन जोरात असले तर ती काही मिनिटांतच उलटते.

शिवाय टाइमआउट फक्त नेटवर्कला मोजत नाही. प्रोसेसरवर ताण येणे, डिस्कने लिहायला वेळ लावणे, आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना काही क्षण गोठणे, हे सगळे समोरच्या नोडला सारखेच मौन म्हणून दिसते. एका सेकंदाची मर्यादा ठेवून पाहा, पण महिनाभर त्या लॉगवर नजर ठेवल्याखेरीज तिच्यावर विश्वास टाकू नका.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. अनाहत यांच्या शेवटच्या प्रतिसादातले "अख्खा डेटाबेस पुन्हा उतरवावा लागतो" हे वाक्य वाचून मी गणित मांडले. ५०० जीबी आणि सेकंदाला ११७ मेगाबाइट, म्हणजे सुमारे ७१ मिनिटे. तेवढा वेळ देणाऱ्या नोडची बाहेर जाणारी आणि घेणाऱ्याची आत येणारी केबल काठोकाठ भरलेली असणार, आणि त्याच केबलवरून कमिटही जाणार. अनाहत यांचा रात्रीचा बॅकअप आमच्याकडे ऐन अडचणीच्या वेळी अवतरेल, जेव्हा एक नोड आधीच बाहेर असेल. हे बरोबर आहे का?

विदागार

अगदी बरोबर, आणि १० गिगाबिटच्या बाजूने माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. रोजच्या कमिटसाठी तुम्हाला १ गिगाबिट पुरून उरते. जास्त रुंदी लागते ती नोड परत उभा करायच्या दिवशी. १० गिगाबिटवर हीच ७१ मिनिटे नेटवर्कपुरती सात मिनिटांवर येतात, आणि मग अडथळा बहुधा डिस्कचा उरतो.

१ गिगाबिटवरच राहायचे असेल तर तीन गोष्टी करा. गॅलेरा कॅश काही जीबींची ठेवा, म्हणजे तासभराच्या देखभालीनंतर नोड केवळ चुकलेले बदल घेऊन परत येईल. पूर्ण प्रत घेण्याचा पत्ता वेगळ्या कार्डावरचा द्या. तशी सोय आहे. आणि प्रत पाठवण्याचा वेग मुद्दाम बांधून ठेवा. ७१ ऐवजी १०० मिनिटे लागली तरी चालतील, पण उरलेले दोन नोड त्या काळात डळमळता कामा नयेत.

सेतुबंध

१० गिगाबिट घेणार असाल तर केबलच्या निवडीत घाई नको. नेहमीच्या तांब्याच्या, आरजे-४५ जोडाच्या १० गिगाबिटमध्ये सिग्नलची उकल करायलाच दर टोकाला सुमारे २ ते २.५ मायक्रोसेकंद जातात. एसएफपी प्लस या दुसऱ्या प्रकारच्या जोडाच्या जोडकेबलला त्या मानाने नगण्य वेळ लागतो, आणि सर्व्हरच्या एकाच कपाटात नोड असतील तर ती आटोपशीर पडते. गॅलेराला या दोन मायक्रोसेकंदांनी काही फरक पडणार नाही. लोहबंध यांच्या ओरॅकल रॅकला थोडासा पडेल.

तळरेषा

मी एनडीबी क्लस्टरवर काम केले आहे, म्हणून एक जुनी गोष्ट नोंदवतो. तिथे डेटा वेगळ्या नोडवर आणि एसक्यूएल वेगळ्या नोडवर असतो, त्यामुळे साध्या वाचनालाही नेटवर्क ओलांडावे लागते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत जोड क्वेरी आली की एसक्यूएल नोड एकेक ओळ मागत बसे. दहा हजार ओळी आणि दर फेरीला ०.२ मिलिसेकंद, म्हणजे दोन सेकंद नुसत्या ये-जा करण्यात. तेव्हा खास कार्डांचा आग्रह धरला जाई आणि एससीआय या खास वेगवान जोडणीची माहिती अधिकृत पुस्तिकेतही असे. २०१२ च्या ७.२ आवृत्तीत जोड क्वेरीचे काम डेटा नोडकडेच ढकलण्याची सोय आली आणि त्याच इथरनेटवर त्याच क्वेरी पुष्कळ पटींनी वेगवान झाल्या. नेटवर्कवर खर्च करण्यापूर्वी आपला डेटाबेस एका क्वेरीमागे किती फेऱ्या मारतो, हे एकदा मोजून पाहावे.

पडघम

फेरीचा वेळ मोजताना सरासरीवर जाऊ नका. आमच्या एका क्लस्टरमध्ये सरासरी ०.१८ मिलिसेकंद होती आणि तरी कमिट अधूनमधून अडखळत. हजारो पिंगांचा वरचा टोकाचा भाग पाहिला तेव्हा काही फेऱ्या सरासरीच्या कित्येक पट निघाल्या. त्यातला काही भाग प्रोसेसरच्या गाढ झोपेचा होता. रहदारी तुरळक असली की तो झोपी जातो आणि प्रत्येक पॅकेटला त्याला जागे करावे लागते. काही भाग वीजबचतीच्या इथरनेटचा, ज्यात गिगाबिटची केबल झोपेतून उठायला १६ मायक्रोसेकंदांच्या आसपास घेते. उरलेला भाग कार्ड पॅकेट साठवून एकदम प्रोसेसरला हाक मारते त्याचा. तिन्ही गोष्टी बदलता येतात. गंमत अशी, की भार वाढला की हा त्रास कमी होतो, म्हणून भारचाचणीत तो सापडत नाही.

कळफलक

आणि केबल! दोन जोडांवर वेगाची आपोआप बोलणी एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला हाताने बांधलेली असेल, तर जुन्या १०० मेगाबिटच्या पोर्टवर एक टोक अर्धे द्विदिश (एका वेळी एकाच दिशेने बोलणारे) आणि दुसरे पूर्ण द्विदिश होऊन बसते. पिंग चालतो, काम अडते. गिगाबिटवर आपोआप बोलणी अनिवार्य असल्यामुळे हे सहसा होत नाही, पण केबलच्या चार जोड्यांपैकी एक निकामी झाली की पोर्ट गुपचूप १०० मेगाबिटवर उतरलेला मी पाहिला आहे. लिनक्सच्या इथटूल या आज्ञेत वेगाची ओळ आणि सीआरसी त्रुटींचा (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा) आकडा दोन्ही पाहावेत.

तळरेषा

एक राहून गेले. नोडमधली रहदारी पुष्कळ मांडण्यांत उघडीच असते. गॅलेरात ती टीएलएस या सांकेतिकीकरणाने झाकता येते, पण ते आपल्याला मुद्दाम चालू करावे लागते. वेगळा स्विच आहे म्हणून निश्चिंत राहू नये. त्या स्विचमध्ये उद्या कोण केबल लावेल हे आपल्या हाती नसते.

शोधयात्री

दोन आठवड्यांनी परत येत आहे. चर्चेतल्या सूचनांवरून आम्ही चाचणीचा क्लस्टर उभारला: दोन स्वतंत्र स्विच, प्रत्येक नोडला एक चालू आणि एक राखीव कार्ड, कडेचे पोर्ट नोंदवलेले, बॅकअप वेगळ्या कार्डावर, गॅलेरा कॅश ८ जीबी. वेग १ गिगाबिटच ठेवला, कारण आधी साध्या नेटवर्कवर काय होते ते पाहायचे होते.

लेखनाचा भार चालू ठेवून चालू कार्डाची केबल उपटली: एक हलकासा हिसका, क्लस्टर जसाच्या तसा. पहिला स्विच बंद करून पुन्हा चालू केला: सेतुबंध यांच्यासारखा अनुभव आला नाही. मग एका नोडच्या दोन्ही केबल काढल्या. पाच सेकंदांहून किंचित अधिक काळ सगळे कमिट थांबले, मग दोन नोडनी पुढे काम सुरू केले आणि एकाकी पडलेल्या नोडने क्वेरी घ्यायला नकार दिला. वीस मिनिटांनी केबल परत लावल्यावर तो चुकलेले बदल घेऊन दीडेक मिनिटात रांगेला लागला.

एक कोडे मात्र उरले आहे. भार दुप्पट केला की दर काही मिनिटांनी तिन्ही नोडवरचे कमिट एकदमच थबकतात. स्विचवर एकही फ्रेम गळलेली नाही, पिंगच्या फेऱ्या स्थिर आहेत. हे नेटवर्कचेच आहे का?

अनाहत

तुमच्या वर्णनावरून नेटवर्कचे वाटत नाही. एखादा नोड आलेले बदल आपल्या डिस्कवर उतरवण्यात मागे पडला आणि त्याची रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की तो सगळ्यांना थांबायला सांगतो. ही मर्यादा मुळात १६ गठ्ठ्यांची असते. काही आवृत्त्यांत ती १०० आहे. तिन्ही नोडवर प्रवाह नियंत्रणात गेलेला वेळ आणि आलेल्या रांगेची सरासरी लांबी पाहा. ज्याची रांग लांब, तो नोड दोषी. त्याची डिस्क, त्यावरचे लेखनाचे धागे आणि त्यावर दुसरे काही चालू आहे का, हे तपासा.

शोधयात्री

तिसऱ्या नोडची रांग लांब निघाली. त्याच्या डिस्क कंट्रोलरची बॅटरी निकामी झाल्यामुळे लेखनाची कॅश आपोआप बंद झाली होती. बॅटरी बदलली आणि कालपासून दुप्पट भारावरही एकदाही थबकलेले नाही. स्विच आहेत तेच ठेवत आहोत. १० गिगाबिटची कार्डे फक्त पूर्ण प्रत घेण्याच्या वाटेसाठी मागवली आहेत.